दादा, फॉक्सप्रोचं नंतर बघू, आधी डेटा हलवा

पत्र:
"मॅडम नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, वय ५१. १९९८ पासून गावोगावच्या दूध संस्थांना आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. आधी डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसच्या भाषेत होतं, नंतर सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ वर आणलं. आज ३४ संस्था चालू आहेत, २७ दुधाच्या आणि ७ पतसंस्था, सगळं मीच लिहिलंय आणि मीच सांभाळतो. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तो म्हणतो बाबा ही भाषा संपली, सगळं फेका, वेबवर नव्याने लिहू. एक जुना मित्र म्हणतो फेकायचं कशाला, एक्स शार्प नावाचा कंपायलर आहे, त्याने फॉक्सप्रोचा कोड मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर चालतो, भाषा तीच ठेव आणि खालचा प्लॅटफॉर्म बदल. मला वाटतं चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. पण गेल्या महिन्यात एका पतसंस्थेची पिग्मीची फाइल दोन जीबीला टेकायला आलेली दिसली आणि तेव्हापासून झोप नीट नाही. शिवाय माझ्यामागे या संस्थांचं काय, हे पण डोक्यात असतं. काय करू?"

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि आधी थेट उत्तर देते, मग कारणं सांगते. फॉक्सप्रो डॉटनेटवर न्यायचं की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, तुमच्या डोक्यावरची टांगती तलवार म्हणजे फॉक्सप्रो ज्यात डेटा साठवतो ती डीबीएफ फाइल आहे. पतसंस्थांचा डेटा डीबीएफमधून काढून एखाद्या चांगल्या डेटाबेस सर्व्हरवर ठेवा, वरचे फॉक्सप्रोचे स्क्रीन आहेत तसेच राहू द्यात, आणि मग एकेक भाग सावकाश बदला. दूध संस्थांना एवढ्यात हात लावू नका. मित्राचं एक्स शार्प काही ठिकाणी कामाला येईल, सगळीकडे नाही. आणि मुलाचं नव्याने लिहिण्याचं म्हणणं मला आजच्या घडीला पटत नाही, जरी त्याची काळजी मला पूर्ण समजते.

दोन जीबीचं सगळ्यात आधी, कारण ते थांबणार नाही. व्हीएफपीची (व्हिज्युअल फॉक्सप्रोची) कुठलीही टेबल फाइल दोन जीबीच्या वर जात नाही, मेमोची, म्हणजे लांब मजकुराची, एफपीटी फाइल पण नाही, आणि हे कुठल्या सेटिंगने वाढत नाही, विंडोज ६४ बिट घेतलं तरी वाढत नाही कारण व्हीएफपी स्वतः ३२ बिटच आहे. आता हिशोब करू. दोन जीबी म्हणजे साधारण २१४ कोटी बाइट, तुमचं पिग्मीचं रेकॉर्ड २०० बाइटचं धरलं तर एक कोटी सात लाख नोंदी बसतात. दिवसाला दीड हजार पावत्या आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला साडेचार लाख नोंदी, म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांत फाइल भरली. तुमची नेमकी तिथेच आलीये. भरली की त्यात नवी नोंद जाणारच नाही, आणि ते कळणार कधी तर संध्याकाळी एजंट कलेक्शनचं मशीन घेऊन काउंटरवर बसलेला असताना. म्हणून आज रात्रीच त्या टेबलचा सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) आणि एफपीटी सकट पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि या आठवड्यात जुनी वर्षं, समजा २०१५ पर्यंतची, वेगळ्या टेबलात हलवून ती चालू टेबलातून काढा. नुसतं डिलीट करून फाइल लहान होत नाही, पॅक करावं लागतं हे तुम्हाला माहितीच आहे, पण पॅक करताना फॉक्सप्रो तात्पुरती दुसरी फाइल बनवतो म्हणून डिस्कवर जागा मोकळी ठेवा आणि बाकीच्या मशीनवरून सगळ्यांना बाहेर पडायला सांगा. हे मलम आहे, इलाज नाही, पण श्वास घ्यायला वेळ मिळेल.

आणि दोन जीबी नसतं तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रीइंडेक्स' नावाचं, शोधायची सूची नव्याने बांधणारं, बटण आहे ना? असणारच, आपल्या सगळ्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं. पतसंस्थेतली क्लार्क ताई सकाळी आली की दिवा लावते आणि रीइंडेक्स दाबते, ही सवय मी कित्येक ठिकाणी बघितलीये. शेअर फोल्डरमधली डीबीएफ तीन-चार मशीन एकाच वेळी उघडतात, विंडोज आपल्या परीने फाइलचा काही भाग त्या त्या मशीनवरच धरून ठेवतं, मध्येच एका मशीनची लाइट गेली की इंडेक्स आणि टेबल यांचा मेळ राहत नाही आणि मग बरोबर खातं समोर असून सापडत नाही. डेटाबेस सर्व्हरवर लिहिणारा एकच असतो, मशीन फक्त त्याला विनंती करतात, त्यामुळे हा प्रकारच बंद होतो. अर्धवट राहिलेला व्यवहार तो स्वतःहून मागे घेतो. लोकांच्या ठेवी आहेत दादा, पिग्मीत भाजीवाली मावशी रोजचे पन्नास रुपये टाकते, ते शेअर फोल्डरच्या भरवशावर अजून किती वर्षं ठेवायचे.

आता मित्राचं म्हणणं. हा प्रश्न आपल्या लोकांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी पण जीव तोडून विचारला होता. मी स्वतः फॉक्सप्रोवर पोट भरलंय त्यामुळे मला तो काळ नीट आठवतो. अमेरिकेत ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरने डीबेस या जुन्या डेटाबेसच्या घराण्यातली ही भाषा वाढवली, १९९२ ला मायक्रोसॉफ्टने कंपनीच घेतली, १९९८ च्या व्हिज्युअल स्टुडिओ ६ मध्ये व्हीएफपी सी प्लस प्लस आणि व्हीबीच्या (व्हिज्युअल बेसिकच्या) बरोबरीने एकाच पेटीत होतं. मग डॉटनेट आलं आणि २००२ च्या नव्या स्टुडिओत व्हीएफपी नव्हतं, ते वेगळंच विकलं गेलं. मार्च २००७ ला मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं की आवृत्ती १० येणार नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या फॉक्सप्रोवाल्यांनी सह्यांची मोहीम चालवली, पण निर्णय बदलला नाही, आणि १३ जानेवारी २०१५ ला आवृत्ती ९ चा सपोर्ट पण संपला. त्यावेळी मला फार राग आला होता, आपली भाषा मुद्दाम मारली असं वाटलं होतं.

आज मला वेगळं वाटतं. फॉक्सप्रोचं सगळं सुख कशात होतं? भाषा आणि डेटाबेस एकाच घरात राहायचे. यूज म्हटलं की टेबल उघडलं, स्कॅन म्हटलं की एकेक ओळ समोर, रिप्लेस म्हटलं की लिहून मोकळं, मध्ये कनेक्शन नाही, ड्रायव्हर नाही, काही नाही. आणि अँपरसँड लावून प्रोग्राम चालू असताना अक्षरांतूनच कमांड बनवायची सोय, तुमच्या रिपोर्टच्या फिल्टरमध्ये तर ती भरलेली असणार. डॉटनेट नेमकं उलट्या विचाराचं, तिथे डेटा बाहेर असतो आणि कोड आधी तपासून पक्का केला जातो. म्हणजे फॉक्सप्रोला तिथे न्यायचं तर एक तर त्याचं ते घरपण काढून घ्यायचं, नाहीतर डॉटनेटच्या आत दुसरं अख्खं फॉक्सप्रो बांधायचं.

घरपण काढून घेतलं की काय होतं ते व्हीबीवाल्यांनी भोगलं. नाव व्हीबीच राहिलं, पण व्हीबी ६ मधला सोळा बिटचा इंटीजर डॉटनेटला बत्तीस बिटचा झाला, व्हेरिएंट, म्हणजे काहीही ठेवता येणारा प्रकार, गेला, ॲरे एकपासून सुरू करायची सोय गेली, आणि ज्यांच्याकडे दहा दहा वर्षांचा कोड होता त्यांना कळलं की ही नाव तेच असलेली दुसरीच भाषा आहे. २००५ ला त्यांनी पण जुनं व्हीबी चालू ठेवा म्हणून सह्यांचा अर्ज केला होता. आपल्याला 'फॉक्सप्रो डॉटनेट' मिळालं असतं तर आपलंही तेच झालं असतं असं माझं आता ठाम मत आहे. निदान आपलं व्हीएफपी ९ जसं होतं तसं राहिलं, म्हणून तर तुमच्या ३४ संस्था विंडोज ११ वर पण चालतायत.

एक्स शार्प हा दुसरा मार्ग आहे, आणि तो ज्यांनी बनवला त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण एक्सबेस, म्हणजे डीबेसच्याच, घराण्यातल्या वेगवेगळ्या बोलींना डॉटनेटवर जागा द्यायचं कष्टाचं काम त्यांनी ओपन सोर्समध्ये केलंय आणि त्यात फॉक्सप्रोची बोली पण आहे. त्याचा उपयोग कुठे होईल सांगते. तुमच्या पीआरजी (प्रोग्रामच्या) फाइलमधले जे शुद्ध हिशोबाचे भाग आहेत, कर्जाच्या हप्त्याची आकडेमोड, ठेवीचं व्याज, दुधाचा दर काढायचं फंक्शन, ज्यात स्क्रीन नाही आणि प्रिंटर नाही, ते तिथे नेऊन बघण्यासारखे आहेत. पण तुमचे फॉर्म आणि रिपोर्ट तिकडे जसेच्या तसे उचलून नेता येत नाहीत, आणि तुमचं निम्मं आयुष्य त्या फॉर्मच्या व्हॅलिड आणि लॉस्टफोकस या तपासणीच्या कोडमध्येच गेलंय ना. मित्र म्हणतो तसं नुसता प्लॅटफॉर्म बदलायचा म्हटलं तरी भिंती परत बांधाव्याच लागतील, आणि ते सगळं करून डेटा डीबीएफमध्येच राहिला तर शेअर फोल्डर तिथेच, रीइंडेक्स तिथेच. आणखी एक, तुमच्यामागे हे बघणारा माणूस फॉक्सप्रो जाणणाराच लागेल, आणि तो आता जिल्ह्यात शोधून सापडत नाही. म्हणून मुख्य मार्ग म्हणून मी ते सुचवत नाही.

मुलाबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते, कारण तो चुकीचं बोलतोय असं नाहीच. तो बघतोय की बाप एकटा ३४ संस्था डोक्यावर घेऊन बसलाय आणि रात्री अकराला फोन आला की उठतो. पण 'सगळं फेकून नव्याने लिहू' यातलं 'सगळं' किती आहे हे त्याला माहिती नाही, कारण ते कुठे लिहून ठेवलेलंच नाही. २००८ साली मी ज्या टीममध्ये होते तिथे आम्ही एका पतसंस्थेचं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर असंच फेकून नव्याने लिहायला घेतलं. सहा महिने सांगितले, चौदा लागले. ३१ मार्चला व्याज काढलं तर साडेचारशे खात्यांवर जुन्या आणि नव्याचा फरक. तीन आठवडे शोधलं. शेवटी जुन्या कोडमध्ये एक इफ, म्हणजे अट, सापडला, काहीही कॉमेंट नसलेला, एका ठरावीक तारखेआधी उघडलेल्या ठेवींना वेगळा दर लावणारा. संचालक मंडळाने १९९९ ला ठराव केला होता, ज्या मॅनेजरला माहिती होतं ते रिटायर झाले होते, ठरावाचं पुस्तक माळ्यावर, आणि तो ठराव जिवंत होता फक्त त्या एका ओळीत. त्या वर्षी संस्थेने परत जुनंच सॉफ्टवेअर चालवलं. तुमच्या २७ वर्षांच्या कोडमध्ये असे किती इफ असतील दादा? संस्थांनी तुम्हाला पैसे त्या इफचेच दिलेत. फॉक्सप्रो काय आणि डॉटनेट काय, सचिवांना त्याचं काही देणंघेणं नाही.

आणि समजा नियम सगळे नीट उतरवले, तरी भाषा बदलली की साध्या साध्या गोष्टी वेगळ्या वागायला लागतात. हे जरा सविस्तर लिहिते कारण मुलाला ते कुठल्याच कोर्समध्ये कोणी सांगितलेलं नसणार.

एका उत्पादकाचं दहा दिवसांचं दूध बिल आलं २२१२ रुपये ५० पैसे, आणि तुम्ही ते रुपयात राउंड करता. फॉक्सप्रोचा राउंड २२१३ देतो, शाळेत शिकवलं तसं, अर्धा आला की वर. डॉटनेटचा मॅथ राउंड तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर २२१२ देतो, कारण तो अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. आणि हेच बिल २२१३.५० असतं तर दोघांनीही २२१४ दिलं असतं, म्हणून चाचणी करताना फरक कधी दिसतो कधी दिसत नाही आणि माणूस वेडा होतो. तिथे अर्धा आला की शून्यापासून लांब जा असं मुद्दाम सांगावं लागतं, तशी सोय आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये पण न्यूमेरिक प्रकारचा कॉलम असेल तर आपल्यासारखंच राउंड होतं, डबल ठेवलात तर ते बहुतेक मशीनवर सम संख्येकडे जातं, म्हणून पैशाचा प्रत्येक कॉलम न्यूमेरिकच ठेवा. एक रुपयाचा प्रश्न आहे असं पुण्यात बसून वाटेल, पण शेजारच्याचं आणि आपलं बिल पारावर बसून ताडून बघणारी माणसं आहेत आपली, एक रुपया चुकला की संस्थेवरचा विश्वास जातो.

तारखेचं तसंच. फॉक्सप्रोमध्ये तारीख रिकामी ठेवता येते, कर्ज फिटलेलं नसेल तर फेडल्याची तारीख कोरी. तीच कोरी तारीख एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला पाठवली की तिथे ३० डिसेंबर १८९९ होऊन बसते. मग नवा रिपोर्ट विचारतो फेडल्याची तारीख भरलेली आहे का, उत्तर येतं आहे, आणि चालू कर्जं थकबाकीच्या यादीतून गायब. पाठवताना कोरी तारीख असेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही', पाठवायचं, प्रत्येक ठिकाणी, अपवाद नाही.

बरोबरचं चिन्ह बघा. सेट एक्झॅक्ट ऑफ असेल, आणि तुमचं असणार कारण मुळातच तसं असतं, तर फॉक्सप्रो उजवीकडचं संपेपर्यंतच ताडून बघतो. म्हणून नावात 'पाट' टाकलं की सगळे पाटील येतात, क्लार्कला ते फार आवडतं. पण खातं नंबर जर अक्षरांत ठेवला असेल तर १२ शोधल्यावर १२० पण जुळतं, आणि ते होऊ नये म्हणून तुम्ही कुठेतरी दोन बरोबर, कुठेतरी स्पेस लावून, कुठेतरी डावीकडे शून्य भरून सांभाळलं असेल. एसक्यूएलमध्ये बरोबर म्हणजे पूर्ण बरोबर, अर्धं शोधायला लाइक लागतं. अशी प्रत्येक जागा डोळ्याखालून घालायची. आणि डिलीट केलेल्या नोंदी विसरू नका, डीबीएफमध्ये डिलीट म्हणजे नुसती खूण, पॅक करेपर्यंत ओळ आतच असते, आणि डेटा काढणारं टूल ती खूण बघत नसेल तर २०११ ला रद्द केलेली पावती नव्या डेटाबेसमध्ये परत जिवंत होते.

मराठी नावांचा विषय तर स्वतंत्र लेखाचा आहे. व्हीएफपीला युनिकोड येत नाही, त्यामुळे तुमच्या सभासदांची नावं कुठल्या तरी जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये पडलेली असणार, आणि त्या फॉन्टशिवाय बघितली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या नाही. 'शिर्के' घ्या. जुन्या पद्धतीत आधी पहिली वेलांटी, मग श, मग क, मग मात्रा आणि रफार शेवटी. युनिकोडमध्ये श, त्याची वेलांटी, मग र, हलन्त, क, मात्रा. म्हणजे नुसतं या कोडला ते अक्षर असं बदलून चालत नाही, वेलांटी तिच्या अक्षराच्या नंतर आणि रफार त्याच्या अक्षराच्या आधी सरकवावा लागतो. कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्या क्लार्कनी ज्या युक्त्या करून जोडाक्षरं बसवलीत ती कुठल्याच कन्व्हर्टरला कळत नाहीत. रूपांतर झालं की सभासद यादी छापा आणि संस्थेतल्या जुन्या माणसाकडून एकेक नाव वाचून घ्या. कागदावर. मतदार यादीत नाव चुकलं की निवडणुकीत काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. या कष्टाचा मोबदला पण आहे, याद्या पहिल्यांदाच खऱ्या अकारविल्हे लागतील आणि सभासदाला मराठीत मेसेज पाठवता येईल.

मग करायचं कसं. सातपैकी सगळ्यात छोटी पतसंस्था घ्या, ती दोन जीबीवाली नको. तिथल्या सर्व्हर मशीनवर पोस्टग्रेस टाका, फुकट आहे आणि तुमच्या कामाला जन्मभर पुरेल, किंवा मुलाला एसक्यूएल सर्व्हर जास्त येत असेल तर त्याची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती घ्या, मला दोन्ही मान्य आहेत. व्हीएफपी ९ मधून ओडीबीसी या जोडणीच्या ड्रायव्हरने जोडता येतं, एसक्यूएल कनेक्ट आणि एसक्यूएल एक्झेक तुम्ही वापरले नसतील तरी दोन दिवसांत हातात बसतील, कर्सर ॲडाप्टर पण आहे. ड्रायव्हर मात्र ३२ बिटचाच टाका, विंडोज ६४ बिट असलं तरी, यात लोकांचा एक एक दिवस जातो. तुमचा फॉर्म पूर्वी थेट टेबलावर चालायचा, आता लागेल तेवढ्याच ओळी कर्सरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या टेबलात, आणायच्या, दाखवायच्या, बदललेलं परत पाठवायचं. हीच खरी मेहनत आहे. सवयीने अख्खं टेबल ओढून आणून स्कॅन केलंत तर सॉफ्टवेअर आधीपेक्षा हळू होईल आणि संस्थेवाले म्हणतील जुनंच बरं होतं, त्यात त्यांची चूक नसेल.

एक मॉड्यूल झालं की जुनं आणि नवं निदान तीन महिने बरोबरीने चालवा, त्यातला एक महिना मार्च असला पाहिजे. रोज संध्याकाळी किर्द दोन्हीकडून काढून पैशापर्यंत जुळवा. जुळली नाही की तिथेच थांबून कारण शोधा आणि एका वहीत लिहा. ती वहीच पुढे तुमच्या सॉफ्टवेअरचं खरं पुस्तक होईल, त्या इफचा इतिहास त्यात येईल. डेटा एकदा सर्व्हरवर स्थिर झाला की मुलाने वेबचे स्क्रीन लिहावेत ना, खुशाल लिहावेत. चेअरमनला मोबाइलवर शिल्लक बघायचीये, ऑडिटरला घरी बसून तेरीज (सगळ्या खात्यांचा गोषवारा) पाहिजे, तिथून सुरुवात करू दे त्याला. डेटा एकच, एका बाजूने तुमचं फॉक्सप्रो आणि दुसऱ्या बाजूने त्याचं नवं, दोघं एकाच वेळी. फॉक्सप्रोचा एकेक फॉर्म हळूहळू बंद होत जाईल आणि एके दिवशी कोणाच्या लक्षातही न येता शेवटचा बंद होईल.

दूध संस्थांना का थांबवलं तेही सांगते. तिथे बहुतेक ठिकाणी एकच मशीन, डेटा लहान, नेटवर्कचा त्रास नाही. फॅटचं मशीन आणि वजनकाटा सिरीयल केबलने जोडलेला, पावती डॉट मॅट्रिक्सवर. सकाळी साडेपाचला लाइन लागलेली असते, इंटरनेट असेल नसेल, इन्व्हर्टरवर काम चालू असतं. ब्राउझरमधून काट्याचा आकडा घेणं आणि डॉट मॅट्रिक्सवर झटकन पावती मारणं हे होतं, पण त्याला वेगळी जुळवाजुळव लागते आणि ती शिकायची जागा संकलनाची खोली नाही. जिथे अजून डॉसचंच जुनं कुठे चालू असेल तिथे मात्र लक्ष द्या, ६४ बिट विंडोजवर ते थेट उघडतच नाही, मशीन बदललं की अडकाल. बाकी ठिकाणी रोजचा बॅकअप संस्थेच्या बाहेर जातोय एवढं बघा आणि त्यांना दोन-तीन वर्षं द्या. पतसंस्थांवर हात बसला की दुधाचं तुम्हाला निम्म्या वेळात जमेल.

तुमच्या मागे काय, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलाय पण मला तोच सगळ्यात मोठा वाटला. एक गोष्ट याच महिन्यात करा. सोर्स कोड फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे ना? तो गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सोयीत, टाका, खाजगी ठेवा, आणि मुलाला त्यात घ्या. फॉर्मच्या एससीएक्स-एससीटी फाइल बायनरी असतात, त्यात काय बदललं ते दिसत नाही, त्यासाठी फॉक्सबिनटूपीआरजी नावाचं फुकटचं टूल आहे, जगभरच्या फॉक्सप्रोवाल्यांच्या व्हीएफपीएक्स या उपक्रमातलं, ते फॉर्मचं साध्या मजकुरात रूपांतर करून देतं. मग मुलगा फॉक्सप्रो न शिकता पण वाचू शकेल, आणि वाचायला लागला की भाषा मेलीये वगैरे बोलणं त्याचं त्यालाच कमी वाटायला लागेल, वाचायला सोपीच आहे ती. आणि संस्थांना हे सांगा. वार्षिक मेंटेनन्स घेता त्यात हे काम बसणार नाही, पतसंस्थांकडून डेटा हलवण्याचे वेगळे पैसे मागा, ठराव करून लेखी घ्या, संकोच करू नका. फाइल भरत आल्याचं त्या संस्थेच्या मॅनेजरला आजच सांगा, उद्या त्यांना स्वतःहून कळण्यापेक्षा ते हजार पटीने बरं.

मुलगा दिवाळीला येईल तेव्हा फरक बिलाचं, म्हणजे उत्पादकांना वर्षाच्या दुधावर द्यायच्या जादा पैशाचं, काम जोरात असेल. त्याला एका सकाळी बरोबर न्या, वर्षभराच्या लिटरवरून फरक कसा काढता, पशुखाद्याची उचल कुठे वळती करता, कोणत्या उत्पादकाचं खातं भावाच्या नावावर का आहे, हे तुमच्याच स्क्रीनवर त्याला दाखवा, आणि दाखवताना तो जे जे 'हे असं का' म्हणून विचारेल ते त्या वहीच्या पहिल्या पानापासून लिहायला घ्या.